जुनी वसतिगृहं: जिना राखा, नळ बदला

विद्यापीठाचं एखादं जुनं वसतिगृह दुरुस्तीला काढायची वेळ आली की वादाच्या दोन बाजू आधीच ठरलेल्या असतात. एक म्हणते, या भिंतींना हात लावू नका, इथं पिढ्या घडल्या. दुसरी म्हणते, गळकं छप्पर आणि मजल्याला दोन न्हाणीघरं दाखवून आज विद्यार्थी कुठून आणायचे? पाडा आणि नवं बांधा. मग माजी विद्यार्थी पत्रं लिहितात, वास्तुविशारद सह्यांची मोहीम काढतात, प्रशासन तपासणीचा अहवाल पुढं करतं, आणि सगळी चर्चा इमारत सुंदर आहे की धोकादायक, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. एखादी इमारत सुंदर आणि धोकादायक दोन्ही असू शकते. त्यामुळे हा वाद कितीही रंगला तरी त्यातून काय करायचं ते कळत नाही. आणि ज्यांना त्या खोल्यांत राहायचं आहे, ती अठरा-वीस वर्षांची मुलंमुली या चर्चेत बहुधा नसतातच.

माझं म्हणणं आधीच सांगतो. जुनं वसतिगृह पाडू नये आणि त्याचं स्मारकही करू नये. जपायची ती त्याची मांडणी: खोल्या, जिना, चौक, व्हरांडा, एकत्र बसायची जागा हे सगळं एकमेकांना कसं जोडलेलं आहे ते. तिथं राहणारी माणसं एकमेकांना भेटतात ती या मांडणीमुळे. बाकीचं, म्हणजे वायरिंग, नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, स्वच्छतागृहं, खिडक्यांची तावदानं, आग विझवण्याची व्यवस्था, हे सगळं बिनदिक्कत बदलावं. आज बऱ्याच ठिकाणी नेमकं उलट घडतं. दर्शनी भिंत घासूनपुसून लखलखीत केली जाते, आतली मांडणी मोडून कोंदट कप्पे पाडले जातात आणि गंजलेले पाइप नव्या फरशीखाली तसेच राहतात.

या वादाचं आपल्याकडचं ठळक उदाहरण अहमदाबादच्या आयआयएमचं. अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी आराखडा केलेल्या तिथल्या १८ वसतिगृहांपैकी १४ पाडून नवी बांधण्याचा विचार संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला. देशापरदेशातून विरोध झाला आणि १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेण्यात आला. पुढं २०२२ मध्ये संस्थेने जीर्णोद्धाराची वाट सोडून पुनर्बांधणीकडे जायचं पुन्हा ठरवलं. संस्थेची बाजू पोकळ नव्हती. विटांना तडे होते, गळती होती, २००१ च्या भूकंपाने नुकसान केलं होतं, आणि विद्यार्थी तिथं रोज झोपत होते. पण याच आवारातल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाचा जीर्णोद्धार त्याआधी झाला होता आणि त्याला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारही मिळाला होता. म्हणजे त्या विटा दुरुस्त होतात हे त्या आवारातच दिसलं होतं.

त्या वेळच्या चर्चेत कमानी, मोठी गोल भोकं, विटांचा रंग यांवर खूप लिहिलं गेलं. माझ्या मते त्या वसतिगृहांचं खरं वैशिष्ट्य वेगळं आहे. कान यांनी तिथं लांबलचक कॉरिडॉर टाळला. एका मजल्यावर साधारण दहा खोल्या घेतल्या आणि त्या जिना व चहाची खोली यांच्याभोवती बसवल्या. खोलीतून बाहेर पडलं की समोर माणूस दिसणार, आणि चहा घ्यायला थांबलं की बोलणं होणार. शिकवणं वर्गात संपत नाही, ते जिन्यात आणि चहाच्या खोलीतही चालू राहतं, हा विचार त्या नकाशातच आहे. कमानी तशाच ठेवून आत कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना बंद दारांच्या रांगा केल्या, तर जपलं काय?

मांडणी माणसांना कशी वळण लावते याचे दाखले जुनेच आहेत. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांत खोल्या जिन्याजिन्याने असतात: प्रत्येक जिन्याला थेट चौकातून वेगळं दार आणि प्रत्येक मजल्यावर मोजक्या खोल्या. केंब्रिजला मुलींसाठी गर्टन कॉलेज उभं राहिलं तेव्हा ही पद्धत सोडून कॉरिडॉर घेतला गेला. त्यात थंडीपावसात बाहेर न पडता इकडून तिकडे जाण्याची सोय होती, तशीच मुलींवर लक्ष ठेवण्याचीही. अमेरिकेत एमआयटीतलं, फिनलंडचे वास्तुविशारद आल्व्हार आल्टो यांचं बेकर हाउस हे वसतिगृह १९४९ मध्ये झालं. नदीकाठी ते नागमोडी वळवलं आहे, कारण जास्तीत जास्त खोल्यांना नदी तिरकी, लांबवर दिसावी. तिथल्या कितीतरी खोल्या एकमेकींसारख्या नाहीत. ती इमारत पन्नास वर्षांची होत आली तेव्हा तिचं मोठं नूतनीकरण झालं, यंत्रणा बदलल्या, आणि विद्यार्थी आजही तिथंच राहतात.

याहून मोठा दाखला नालंदाचा. तिथले विहार म्हणजे मधे मोकळा चौक आणि चारी बाजूंनी भिक्षूंच्या खोल्या. उत्खननात एकाच जागी बांधकामाचे थरावर थर मिळाले. जुना विहार खचला किंवा जळाला की त्याच्यावरच नवा उभा राहत गेला, आणि मांडणी पुन्हा तीच: चौक आणि भोवती खोल्या. विटा बदलल्या, जमिनीची पातळी वर गेली, राहण्याची रीत टिकली. कित्येक शतकं देशोदेशीचे विद्यार्थी जिथं येत राहिले त्या जागेने आपल्या भिंती पवित्र मानल्या नाहीत आणि आपला नकाशाही सहज टाकून दिला नाही. या प्रश्नावर मला याहून चांगला गुरू दिसत नाही.

आता जतनवाल्यांच्या एका आवडत्या मुद्द्याकडे वळतो, कारण मी त्यांच्याच बाजूचा असलो तरी तो मुद्दा मला पटत नाही. तो असा: आम्ही राहिलोच ना? थंड पाण्याने आंघोळ केली, एका दिव्यावर अभ्यास केला, आमचं काही बिघडलं नाही. हे बोलणाऱ्यांनी त्या ‘मूळ’ साधेपणाचा इतिहास नीट पाहिलेला नसतो. ऑक्सफर्डच्या खोल्यांत नळ नव्हते तेव्हा गरम पाण्याची भांडी आणि कोळशाच्या बादल्या घेऊन नोकर जिने चढत होते. थॉमस जेफरसन यांनी आखलेल्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात १८२५ पासून विद्यार्थी राहू लागले. तिथं हे काम गुलाम माणसं करत होती आणि ती इमारतही त्यांच्याच श्रमाने उभी राहिली होती. त्यांचं स्मारक त्या आवारात व्हायला २०२० उजाडलं. इमारतीत सोय नव्हती, कारण सोय माणसं पुरवत होती. ती माणसं गेली, जायलाच हवी होती, आणि त्यांचं काम आता पाइपांनी आणि तारांनी करायचं आहे. मग पाइप बसवल्याने इमारतीचा आत्मा जातो, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

शिवाय ‘मूळ रूप’ म्हणजे नेमकं कोणत्या सालचं? मध्ययुगीन कॉलेजांत एका दालनात तिघे-चौघे झोपत आणि अभ्यासासाठी कोपऱ्यात लाकडी आडोसे केलेले असत. पुढं श्रीमंतांची मुलं आली तशी एकेकाला दोन-दोन खोल्या मिळाल्या. नंतर संख्या वाढली तेव्हा त्याच खोल्या पुन्हा विभागल्या गेल्या. ऑक्सफर्डमध्ये १९७४ साली पुरुषांच्या पाच कॉलेजांनी मुलींना प्रवेश दिला तेव्हा स्वच्छतागृहांपासून कुलपांपर्यंत सगळ्याचा नव्याने विचार करावा लागला. तिथल्याच मर्टन कॉलेजचा मॉब क्वाड हा चौक तेराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकापर्यंत टप्प्याटप्प्याने बांधला गेला. इटलीत बोलोन्याला स्पॅनिश विद्यार्थ्यांसाठीचं कॉलेज कार्डिनल आल्बोर्नोझ यांच्या १३६४ च्या मृत्युपत्रातून उभं राहिलं. दोन्ही ठिकाणी आजही विद्यार्थी राहतात, आणि ते शक्य झालं कारण प्रत्येक शतकाने आपल्या गरजेप्रमाणे आत बदल केले.

जेफरसन यांच्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मधल्या हिरवळीभोवतीच्या ५४ खोल्यांचा दाखला नेहमी दिला जातो. आत फायरप्लेस आहे आणि स्वच्छतागृहाला जायचं तर दाराबाहेर पडावं लागतं. तरी शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी तिथं राहायला अर्ज करतात आणि निवड झाली तर अभिमानाने सांगतात. खरं आहे. पण ती मुलं स्वतःहून एका वर्षासाठी आलेली आणि निवडून घेतलेली आहेत. पहिल्या वर्षाला, घरापासून दूर, जी खोली मिळेल ती घ्यावी लागणाऱ्या विद्यार्थ्याला हा दाखला लावता येत नाही. मान म्हणून पत्करलेली गैरसोय वेगळी आणि दुसरा पर्याय नाही म्हणून सोसलेली वेगळी. त्याच विद्यापीठात लेखक एडगर ॲलन पो यांच्या नावाने एक खोली जुन्या थाटात जपली आहे, लोक काचेतून बघतात. तशी एक खोली पुरते, साऱ्या वसतिगृहाचं संग्रहालय करायची गरज नाही.

पाडा म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा सुरक्षेचा. तो बाजूला सारणाऱ्यांचा मला राग येतो. १९ जानेवारी २००० च्या पहाटे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉलमध्ये आग लागली आणि तीन विद्यार्थी गेले. इमारत १९५२ ची होती, खोल्यांत आग विझवणारे पाण्याचे फवारे नव्हते, आणि धोक्याची घंटा त्याआधी इतक्यांदा खोटी वाजली होती की अनेकांनी ती मनावर घेतली नाही. जुन्या जिन्यांच्या मांडणीत तर आणखी एक उघड दोष आहे. एका जिन्याला एकच वाट असते. खाली धूर झाला की वरच्या मजल्यावरच्या मुलांनी जायचं कुठे?

पण त्या दुर्घटनेनंतर काय झालं तेही बघायला हवं. त्याच वर्षी न्यू जर्सीने कायदा केला आणि राज्यातल्या सगळ्या वसतिगृहांत फवारे सक्तीचे केले. जुन्या इमारतींत पाइप घातले गेले, आणि बोलंड हॉलसुद्धा पुन्हा वापरात आला. एकाच जिन्याचा दोष शेजारशेजारच्या दोन जिन्यांमध्ये वरच्या मजल्यावर दार काढून, खोल्यांना आग थोपवणारी दारं बसवून बराच कमी करता येतो. त्यासाठी एखाद्या जुन्या भिंतीला भोक पाडावं लागलं तर पाडावं. वारसा समितीने तिथं अडून बसू नये. खरा धोका काम चालू असतानाही असतो हे मात्र विसरून चालणार नाही. ग्लासगोच्या स्कूल ऑफ आर्टची मॅकिन्टॉश इमारत २०१४ च्या आगीनंतर दुरुस्त होत होती आणि २०१८ मध्ये पुन्हा पेटली, तेव्हा आग विझवणारी नवी यंत्रणा अजून सुरू झालेली नव्हती. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी आगीची व्यवस्था, मग छप्पर आणि पाणी, मग बाकी सगळं. उद्घाटनाचा फोटो ज्याचा निघतो ते रंगकाम सगळ्यांत शेवटी.

सुरक्षेच्या नावाखाली दुसरंच काही साधलं जातं का, हेही विचारायला हवं. क्योटो विद्यापीठाचं योशिदा वसतिगृह १९१३ चं, लाकडी, जपानमधल्या सर्वांत जुन्या विद्यार्थी वसतिगृहांपैकी एक. भाडं अगदी नाममात्र आणि कारभार विद्यार्थ्यांच्याच हातात. भूकंपात टिकणार नाही म्हणून २०१८ च्या सप्टेंबरअखेर सगळ्यांनी बाहेर पडावं असं विद्यापीठाने बजावलं, आणि २०१९ मध्ये न गेलेल्यांवर दावा लावला. विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं की भूकंपाची भीती आम्हालाही आहे, दुरुस्ती करा, पण आमच्याशी बोलून करा. २०२४ च्या फेब्रुवारीत क्योटोच्या जिल्हा न्यायालयाने बऱ्याच रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. धोका खोटा होता असं मी म्हणत नाही, जपानमध्ये तसं कोण म्हणेल? पण इमारत रिकामी झाल्यावर स्वस्त भाडं आणि मुलांचा कारभार परत येईल का, हा प्रश्न भूकंपाच्या अहवालात कुठेच नसतो. गरीब घरातल्या मुलासाठी तोच पहिला प्रश्न असतो.

ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्या बाबतीत मात्र मी कसलीच सूट देणार नाही. अरुंद दगडी पायऱ्या, उंबरे, जड दारं यांनी जुन्या वसतिगृहांनी कित्येकांना बाहेर ठेवलं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण बाहेर राहिलेला माणूस माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला येत नाही. चौकाच्या एखाद्या कोपऱ्यात लिफ्टचा मनोरा उभा राहिला तर नजरेला खुपेल. खुपू द्यावा. तळमजल्यावर दोन खोल्या वेगळ्या काढून दिल्या म्हणजे झालं, असंही नाही. वरच्या मजल्यावरच्या मित्राच्या खोलीत रात्री गप्पा मारायला जाता आलं पाहिजे, नाहीतर तो विद्यार्थी त्या वसतिगृहात नुसता झोपायला आहे.

आता एकांताचा प्रश्न. आजच्या मुलांना स्वतःची खोली आणि तिला जोडून बाथरूम हवी असते, असं प्रशासन सांगतं. मागणी खोटी नाही. स्वच्छ, कडी लागणारं, पाणी असलेलं न्हाणीघर मागणं म्हणजे लाड नव्हे. पण हिशोब करून बघा. दहा चौरस मीटरच्या खोलीत तीन चौरस मीटरची बाथरूम बसवली की टेबल, खाट आणि कपाट उरलेल्या सातांत. बहुतेक वेळा ती जागा मिळवायला शेजारच्या खोलीचा बळी जातो, खाटा कमी होतात, भाडं वाढतं, आणि प्रत्येक भिंतीतून पाण्याची वाहिनी गेल्याने गळतीच्या जागा कितीतरी वाढतात. चार-पाच खोल्यांमागे दोन चांगली, वेगवेगळी, रोज साफ होणारी न्हाणीघरं दिली तर यातलं काही होत नाही. सामाईक न्हाणीघराचा तिटकारा आपल्याला आहे तो घाणीमुळे. घाण काढायचा उपाय झाडूवाल्याला पुरेसा पगार आणि पुरेशी माणसं हा आहे, त्यासाठी भिंती तोडाव्या लागत नाहीत.

आणि नवं म्हणजे आपोआप राहण्याजोगं, हे तरी कुणी ठरवलं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथं चार्ली मंगर या धनाढ्य देणगीदाराच्या कल्पनेतून सुमारे ४,५०० विद्यार्थ्यांसाठी एकच अवाढव्य इमारत योजली होती. तिथल्या बहुसंख्य खोल्यांना खिडकीच नव्हती. सल्लागार वास्तुविशारदाने २०२१ मध्ये राजीनामा दिला आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने तो बेत सोडला. प्रत्येकाला स्वतंत्र खोली देण्याचं वचन त्यात होतं. उजेड आणि वारा मात्र हिशोबातून सुटले होते. जुन्या वसतिगृहाच्या उंच छताच्या, दोन बाजूंनी वारा घेणाऱ्या खोल्या त्यापुढं कितीतरी आधुनिक वाटतात.

खर्चाबद्दल बोलताना मी भिंतीपासून सुरुवात करतो. जुनी भिंत वीट आणि चुन्याची असते. ती पावसात थोडं पाणी पिते आणि उन्हात सोडून देते. चुन्याचा गिलावा तिला तसं करू देतो. मग कधीतरी कुणीतरी ओल दिसते म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवतो, वरून प्लास्टिक पेंट. दोन पावसाळे भिंत छान दिसते. पण जमिनीतून चढलेलं पाणी आता बाहेर पडू शकत नाही, ते आत वर वर सरकतं, सोबत क्षार आणतं, आणि विटेच्या तोंडाशी त्या क्षारांचे स्फटिक होऊन वीट भुग्यासारखी झडू लागते. जोडात लोखंडी सळई असेल तर ती गंजून फुगते आणि भिंत आतूनच चिरते. खाटेच्या डोक्याशी रंगाचा फुगा दिसतो, नखाने टोकरला की पांढरी भुकटी पडते. काही वर्षांनी तपासणीचा अहवाल येतो: इमारत जीर्ण, दुरुस्ती परवडणारी नाही. या अहवालातली प्रत्येक नोंद खरी असते. पण ती जीर्णता वयाने आलेली नसते, स्वस्त दुरुस्तीने आणलेली असते. तीच गोष्ट विजेची. एका दिव्याच्या हिशोबाने ओढलेल्या तारेवर आज लॅपटॉप, फोन, पंखा, पाणी तापवायची किटली आणि एक्स्टेंशनला जोडलेलं एक्स्टेंशन चालतं. प्लगचा काळवंडलेला कोपरा दिसूनही तार बदलली जात नाही, कारण वॉर्डनच्या हातात तेवढे पैसे नसतात.

जीर्णोद्धार महाग आहे आणि त्याचा खर्च आधी नेमका सांगता येत नाही, हे मान्य. भिंत उघडल्यावरच कळतं आत काय आहे. चुन्यात काम करणारे गवंडी कमी उरलेत, त्यांचा हात हळू चालतो. पण पाडण्याच्या हिशोबात काही रकमा धरल्याच जात नाहीत. उभ्या इमारतीत गेलेली वीट, पोलाद, दगड, भट्टीचं इंधन हे सगळं फेकून तेवढंच पुन्हा जाळायचं. बांधकाम चालू असेपर्यंत मुलांनी बाहेर महागड्या भाड्याने राहायचं, आणि तो खर्च त्यांच्या घरच्यांच्या खिशातून जातो म्हणून विद्यापीठाच्या ताळेबंदात दिसत नाही. येल विद्यापीठाने यातून मार्ग काढला होता. त्यांनी आपल्या बारा निवासी कॉलेजांचं नूतनीकरण १९९८ ते २०११ या काळात एकेक करून केलं. त्यासाठी आधी एक वेगळं वसतिगृह बांधलं, आणि ज्या कॉलेजचं काम चालू असेल त्याची मुलं त्या वर्षापुरती तिथं राहत. येलकडे अमाप पैसा आहे, ते खरं. पण एकेक इमारत घ्यायची, आधी मुलांची सोय लावायची आणि पहिल्या इमारतीत केलेल्या चुका दुसरीत टाळायच्या, या रीतीला पैशापेक्षा धीर जास्त लागतो. ज्या संस्थेकडे पैसा कमी आहे तिला तर सगळं एकदम पाडून बांधणं त्याहून परवडणारं नाही.

म्हणून कुठल्याही विद्यापीठाने जुनं वसतिगृह पाडायचा प्रस्ताव आणला की त्यासोबत मागच्या वीस वर्षांचं देखभालीचं खातं मांडायला लावावं: छपरावर किती खर्च झाला, गटारावर किती, तक्रार आल्यापासून गळका नळ दुरुस्त व्हायला किती दिवस लागले. नूतनीकरणाचा आराखडा मंजूर करणाऱ्या समितीत त्या वेळी तिथं राहणारे विद्यार्थी मतासह असावेत, आणि इमारत साफ करणाऱ्या कामगारांपैकीही कुणीतरी असावं, कारण पाणी कुठं साचतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आराखड्यात काम संपल्यानंतर किती खाटा राहतील आणि भाडं किती असेल हे दोन आकडे पहिल्या पानावर यावेत. आणि दरवर्षी देखभालीला ठरावीक रक्कम बाजूला काढण्याचं लेखी बंधन नसेल, तर त्या नूतनीकरणाला देणगीदारांनी पैसे देऊ नयेत. आपलं नाव कोरलेली नवी कोनशिला बघायला त्यांना आवडतं. त्यांच्या देणगीतला थोडा वाटा गटारांच्या वार्षिक दुरुस्तीसाठी राखून ठेवायला लावणं, हे काम माजी विद्यार्थ्यांच्या त्याच संघटना करू शकतात ज्या आज कमानींसाठी पत्रं लिहितात.